हरिश्चंद्रगडावर मुक्काम: तुमचे प्रश्न

थंडी सुरू झाली की ठाणे, नवी मुंबईकडून एकाच गडाबद्दल विचारणा येते आणि यंदाही तसंच झालंय. हरिश्चंद्रगडावर रात्र काढायची आहे, कसं करू? त्यातले तीन प्रश्न घेतोय, बाकीच्यांची उत्तरं बहुतेक यातच येऊन जातील.

प्रश्न: मी, माझी बहीण आणि माझी चौदा वर्षांची लेक डिसेंबरात जातोय. मिस्टरांची जुनी मोठी सॅक भरली तर ती जमिनीवरून उचलतासुद्धा येईना. त्यातलं काय काढू? (घोडबंदर रोड, ठाणे)

ताई, सगळं बाहेर काढा, हॉलमध्ये चादर पसरा आणि एकेक वस्तू हातात घेऊन विचारा की ही नसली तर रात्री अडेल का. सॅकचं वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि मुलीचं तर दहाव्या हिश्श्याच्या आसपासच ठेवा, म्हणजे ती पंचेचाळीस किलोची असेल तर साडेचार-पाच किलो, त्यातच पाणी आलं. पहिलं काढायचं ते स्वयंपाकाचं सामान. गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावची माणसं वरती पिठलं-भाकरी, ठेचा, सकाळी पोहे, चहा सगळं देतात, आणि दिवसभर चालून आल्यावर चुलीवरची ती भाकरी हातात पडते ना, तिच्यापुढे आपलं घरून नेलेलं काही लागत नाही. आधी फोन करून किती माणसं येताय ते सांगून ठेवा, राहायची परवानगीही तेव्हाच विचारून घ्या कारण नियम बदलत असतात.

स्वयंपाकाच्या सामानावरून आठवलं. आमच्या कॉलेजच्या ग्रुपमधल्या एकाने खिरेश्वर गावाकडच्या दुसऱ्या वाटेने, तोलार खिंडीतून, तो कातळाचा टप्पा धरून, पाच लिटरचा प्रेशर कुकर वर आणला होता. आईने बजावलेलं, खिचडी गरमच खायची. वाटेत सगळे त्याला चिडवत होते पण रात्री कळलं की पोरगा बरोबर होता, कारण तेवढ्या उंचीवर पाणी पंच्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं आणि उघड्या पातेल्यात डाळ काही शिजता शिजत नाही, शेजारचा ग्रुप दीड तास ढवळत बसला होता. आमचा कुकर स्टोव्हवर चढला, आम्ही मुक्काम केलेल्या गडावरच्या लेण्यांमध्ये सगळीकडे काळोख, निम्मी जनता झोपलेली, आणि शिट्टी झाली. ती त्या दगडात अशी काही घुमली की विचारू नका. दुसरी झाली. तिसरी झाली तसा पलीकडच्या गुहेतून एका काकांचा झोपेतला आवाज आला, "अगं तीन झाल्या, गॅस बंद कर!" पुढची दहा मिनिटं सगळ्या गुहा हसत होत्या, आणि शेजारचा ग्रुप आपापल्या ताटल्या घेऊन आमच्याकडे जेवायला आला. तरीही ताई, तुम्ही कुकर नेऊ नका.

जागा द्यायची ती फोमच्या मॅटला. लोक दोन-दोन ब्लँकेटं नेतात आणि तरी कुडकुडतात, कारण थंडी खालच्या कातळातून लागते. खाली मॅट असली तर वर एक स्लीपिंग बॅग, कानटोपी आणि कोरडे मोजे पुरतात. झोपायचे मोजे वेगळे, ते दिवसा घालायचे नाहीत. प्रत्येकी तीन लिटर पाणी, हेडटॉर्च (मोबाईलचा टॉर्च नको, उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत), आणि जड वस्तू सॅकमध्ये पाठीला चिकटून मधोमध. वाट पाचनईचीच घ्या, दोन-तीन तासांत वर पोचाल. खिरेश्वरची लांब आहे, पुढच्या वेळी करा. आणि जायच्या आधी दोन-तीन रविवार भरलेली सॅक पाठीवर घेऊन सोसायटीचे जिने चढा, पट्टा कुठे काचतोय ते घरीच कळू दे.

प्रश्न: कोकणकड्याच्या अगदी टोकाला टेंट लावून सूर्यास्त बघायचाय. मित्र म्हणतात लावू नको. इंद्रवज्र दिसेल का? (ऐरोली)

मित्र बरोबर सांगतायत, ऐक त्यांचं. कोकणातून येणारा वारा त्या कड्यावर आपटून सरळ वर उसळतो, हलकी वस्तू खाली टाकली तर परत वर येते इतका. एका संध्याकाळी आमच्या बाजूच्या पोरांनी नवाकोरा टेंट उभा केला, पेग ठोकायला तिथे माती कुठली, कातळच सगळा, तर तसाच ठेवून आणि आत एकही सॅक न ठेवता जेवायला गेले. भाकरीचा पहिला घास तोंडात असताना एकजण ओरडला, "ए, आपलं घर चाललं!" बघतो तर तो निळा टेंट लोळत, उड्या मारत पठारावरून चाललेला, नशीब की कड्याच्या उलट्या दिशेला, आणि मागे चार पोरं हातात भाकरी घेऊन पळतायत. शेवटी पिठलं वाढणाऱ्या मामांनी आडवं जाऊन तो धरला, अंगठ्याने वाकवून बघितला आणि म्हणाले, "यात माणसं झोपणार व्हय?" हसलो आम्ही खूप, पण दिशा बदलली असती आणि एखादा पोरगा त्याच्यामागे तसाच धावला असता तर, हा विचार आजही मनातून जात नाही. म्हणून टेंट कड्यापासून बराच आत, मंदिराच्या बाजूला लावायचा, आधी आत सॅका आणि मग बाकी. सूर्यास्त बघायला चालत जा, कड्यावर पालथं झोपून बघ आणि उजेड आहे तोवर परत ये.

रात्री टेंटची जाळी थोडी उघडी ठेव, नाहीतर श्वासाची वाफ आतल्या कापडावर जमून पहाटे तोंडावर ठिबकते. आणि टेंटमध्ये स्टोव्ह, निखारे, मेणबत्ती काहीही पेटवायचं नाही, कितीही थंडी असली तरी. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपेत माणूस जातो.

इंद्रवज्र म्हणजे ते गोल इंद्रधनुष्य, कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात नोंदवून ठेवलेलं. त्याला ऊन पाठीमागे आणि धुकं समोर दरीत लागतं. कडा पश्चिमेला तोंड करून आहे म्हणजे सकाळीच, आणि तेही पावसाळ्यात किंवा पाऊस सरताना. डिसेंबरात त्याच्या आशेवर जाऊ नकोस, चांदण्या बघ, त्या भरपूर असतात.

प्रश्न: वय एकसष्ट, तब्येत ठणठणीत. पण शनिवारी तिथे स्पीकर, शेकोट्या, गोंधळ असतो म्हणे. शांत झोप मिळेल का? आणि सकाळच्या विधींचं काय? (नेरुळ)

काका, शनिवार सोडा. रविवारी दुपारी सगळे उतरत असतात तेव्हा तुम्ही चढायला लागा आणि सोमवारी खाली या, अख्खा गड तुमचा. शेकोटीबद्दल मला मनापासून राग आहे. हे अभयारण्य आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला बंदी आहे. ती लाकडं कुठून येतात, तर तिथल्याच झाडांची. स्पीकरवाल्यांना मात्र शांतपणे जाऊन सांगा, केसं पांढरी असली की ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

विधीसाठी एक छोटं खुरपं न्या. पाण्याच्या टाक्यांपासून आणि ओढ्यापासून साठ-सत्तर मीटर लांब जाऊन वीतभर खोल खड्डा करायचा, नंतर माती लोटायची, कागद पिशवीत भरून खाली आणायचा. वाईप्स पुरू नका, ते कुजत नाहीत आणि माकडं उकरून काढतात.

उजाडल्यावर केदारेश्वराच्या गुहेत जा, गर्दी नसताना. चार खांबांपैकी एकच शाबूत राहिलाय, मधे ते मोठं शिवलिंग आणि भोवती कमरेएवढं गार पाणी. तिथे मी दर वेळी थोडा वेळ नुसता उभा राहतो.

आणि हो, सुट्टे पैसे न्या. वर रेंजचा भरवसा नाही, आणि पहाटे पाच वाजता उठून तुमच्यासाठी चूल पेटवणाऱ्या मावशींना "खाली गेल्यावर पाठवतो" म्हणायची वेळ यायला नको.