‘वावर’ खोडू नका

दर्यापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या सातवीतल्या मुलीनं निबंधात लिहिलं, ‘आमच्या वावरात पऱ्हाटी आहे.’ बाईंनी लाल शाईनं ‘वावरात’ खोडून वर ‘शेतात’ लिहिलं, ‘पऱ्हाटी’चा ‘कापूस’ केला आणि समासात शेरा मारला, ‘वावर म्हणजे फिरणे’. ताईंचे प्रश्न तीन. वावर हा शब्द अशुद्ध आहे का? पेपरात ‘वाघाचा वावर’ छापून येतो तो वावर आणि आपलं वावर एकच का? आणि तहसीलच्या अर्जात यातला कोणता शब्द लिहावा?

पहिल्याचं उत्तर: नाही, अजिबात नाही. हे खोडणं मी लहानपणापासून पाहत आलो आहे. माझ्या वहीत खोडलं, पुतणीच्या वहीत खोडलं, आता या मुलीच्या वहीत. शेताला वावर म्हणणारे आपण वऱ्हाडीच काय ते, असंही नाही. खानदेशात म्हणतात, नाशिक-नगरकडे म्हणतात, मराठवाड्यात म्हणतात. एवढ्या मुलखाच्या तोंडी असलेला शब्द अशुद्ध ठरवायला लाल शाई पुरत नाही. पऱ्हाटीचं तर विचारूच नका. कापूस बोंडातून निघतो, घरात येतो, गाडीत भरला जातो. वावरात उभी असते ती पऱ्हाटी. मुलीनं नेमकं लिहिलं होतं, दुरुस्तीनं ते ढिलं झालं.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, कारण खरी गंमत तिथं आहे. हो, माझ्या मते दोन्ही वावर एकच आहेत. आणि गावाकडचं वावर हे मूळ अर्थाच्या जास्त जवळ आहे, शहरातला वावर त्यापासून लांब गेला आहे. बाईंनी नेमकं उलटं धरलं.

संस्कृतात ‘वि’ आणि ‘आ’ हे उपसर्ग लागलेला ‘पृ’ धातू आहे. अर्थ, कामात गुंतणे. त्यातून ‘व्यापार’ आला. हा शब्द वाचताना बाजार, अडत आणि काटा डोक्यातून काढून टाका. जुन्या संस्कृतात व्यापार म्हणजे काम, उद्योग, हालचाल. देवघेव हा पुढं चिकटलेला अर्थ. संस्कृत वैयाकरण धातूच्या अर्थाचे दोन वाटे करतात, व्यापार आणि फल. ‘शिजवतो’ म्हटलं की चूल पेटवणं, भांडं चढवणं, ढवळणं हा सगळा व्यापार; भात मऊ होणं हे फल. ही विभागणी मला पहिल्यांदा कळली तेव्हा डोळ्यांसमोर स्वयंपाकघर आलं नाही, वखरण-पेरण-डवरण आणि दिवाळीच्या सुमाराला फुटलेलं बोंड आलं.

प्राकृतात या धातूचं रूप होतं ‘वावरेइ’. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ते आहे. अर्थ, कामाला लागतो, कामात गुंततो. कामात गुंतलेला माणूस, संस्कृतातला ‘व्यापृत’, तो प्राकृतात ‘वावड’. आणि ‘व्यापार’ झाला ‘वावार’. मराठी ‘वावरणे’ या ‘वावरेइ’पासून सरळ चालत आलेलं दिसतं. आवाजाची वाट एकदम स्वच्छ आहे. सुरुवातीचा ‘व्य’ साधा ‘व’ होतो: व्याख्यान, वक्खाण, आणि मग आपलं वाखाणणं. दोन स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ होतो: कपाटाचं कवाड, दीपाचा दिवा, सपत्नीची सवत, कपर्दिकेची कवडी. वावरात हे दोन्ही बदल झालेले आहेत. कुठं ओढाताण करावी लागत नाही.

म्हणजे वावरणे याचा मुळातला अर्थ फिरणे नव्हे, कामात असणे. कामातला माणूस इकडून तिकडं जातो-येतो, म्हणून त्याचा वावर. पुढं त्यातलं काम गळालं आणि नुसतं जाणं-येणं उरलं. मग वाघाचा वावर, संशयितांचा वावर, नटीचा रंगमंचावरचा सहज वावर. हे सगळं चालू द्या, माझी तक्रार नाही. पण काम गाळून उरलेला अर्थ खरा आणि काम धरून ठेवलेला अर्थ गावंढळ, हे मी ऐकून घेणार नाही.

गावानं काय केलं? काम ठेवलं आणि ज्या जमिनीवर ते होतं तिला त्याचंच नाव दिलं. पुरावा कोशात शोधायची गरज नाही, बोलण्यात आहे. ‘औंदा वावर केलं नाही’, ‘दोन वर्सं मक्त्यानं वावर केलं’ असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. आता विचार करा, जमीन कुणी ‘करत’ नाही. जमीन घेतात, विकतात, वाहतात. करतात ते काम. ‘वावर केलं’ या दोन शब्दांत ते जुनं काम अजून जिवंत आहे. आणि वाहणं-पेरणं थांबलं की आमच्या गावात त्या तुकड्याला वावर म्हणणंही थांबतं. ‘ते पडीत हाये’ म्हणतात. जमीन तीच, धुरे म्हणजे बांध तेच, पण हात फिरला नाही की वावर हे नाव जातं.

परवा सकाळी सातच्या सुमाराला आमच्या पारापाशी उभा होतो. निंदणाला जाणाऱ्या चार-पाच बाया निघाल्या होत्या. हातात विळे, डोक्याला दुपट्टे, एकीच्या काखेला भाकरीचं गाठोडं. तिला विचारलं, ‘काऊन वो बाई, इतक्या लवकर?’ ती थांबलीही नाही. ‘चाल्लो ना बाप्पा वावरात.’ तिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, हे मला माहीत आहे. तिचं वावर नाही, तरी ती रोज वावरात जाते. तिच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ काय? मालकीची जमीन नक्कीच नाही. कामाची जागा, कामच. हेमचंद्राचं ‘वावरेइ’ हातात विळा घेऊन माझ्यासमोरून गेलं.

आता आडव्या आलेल्या मताचा समाचार घेतो. जिल्ह्याच्या ठिकाणी एका व्याख्यानात एका अभ्यासकांनी मोठ्या खात्रीनं सांगितलं की वावर हे संस्कृत ‘वप्र’पासून आलं. वप्र म्हणजे बांध, पेरलेली जमीन. धातू ‘वप्’, पेरणे. अर्थ जुळतो, म्हणून टाळ्याही पडल्या. पण अर्थ जुळणं म्हणजे व्युत्पत्ती नव्हे, आवाजही जुळावा लागतो. ‘प्र’ हे जोडाक्षर. प्राकृतात अशा जोडाक्षराचं द्वित्त होतं, म्हणजे एकच व्यंजन दुहेरी होतं, आणि मराठीत ते सुटं होताना आधीचा स्वर लांबतो. चक्र, चक्क, चाक. सूत्र, सुत्त, सूत. व्याघ्र, वग्घ, वाघ. त्याच वाटेनं वप्राचं होतं वप्प. द्वित्त झालेला ‘प’ टणक असतो, त्याचा ‘व’ होत नाही. यावर ते म्हणाले, मध्ये स्वर शिरला असेल, वप्रचं ‘वपर’ झालं असेल. ठीक आहे, मग ‘प’चा ‘व’ झाला, मान्य. पण मग पहिला ‘वा’ लांब कशानं झाला? तो लांबायला द्वित्त हवं, आणि द्वित्त असलं तर ‘व’ होत नाही. एक धरलं की दुसरं सुटतं. दोन्ही एकदम मिळत नाहीत. हे मी तिथंच उभं राहून विचारलं. उत्तर मिळालं, ‘लोकभाषेत नियम नसतात.’ यासारखं चुकीचं वाक्य भाषेच्या अभ्यासकानं बोलू नये. लोकभाषेतच नियम सगळ्यात कडक असतात. पुस्तकी शब्द जसाच्या तसा उचलून आणता येतो, तोंडातून तोंडात गेलेला शब्द मात्र आपल्या वाटेनंच जातो.

दुसरी एक शंका मला पुष्कळांनी विचारली आहे आणि ती जास्त शहाणी आहे. तो वावर पुल्लिंगी, ते वावर नपुंसकलिंगी, मग शब्द एक कसा? मराठीत हे घडतं. ‘वेळ’ पाहा. माझा वेळ गेला, पण ती वेळ आली. शब्द एक, अर्थ थोडा सरकला आणि लिंगही सरकलं. ते वावर नपुंसकलिंगी झालं ते शेजारच्या ‘शेत’मुळं, असं माझं मत आहे. रोज शेजारी बसणारे शब्द एकमेकांचं वळण उचलतात.

आणि शेताचं नाव निघालंच आहे तर सगळ्यात आवडती गोष्ट आता सांगतो. शेत आलं ‘क्षेत्र’पासून. क्षेत्र म्हणजे मुळात जमीन. पुढं गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीरालाच क्षेत्र म्हटलं, ‘इदं शरीरं कौन्तेय क्षेत्रमित्यभिधीयते’. मग तीर्थक्षेत्र, युद्धक्षेत्र, आणि आज शिक्षणक्षेत्र, क्रीडाक्षेत्र, कार्यक्षेत्र. म्हणजे क्षेत्र जमिनीवरून निघालं आणि कामापर्यंत पोचलं. वावर कामापासून निघालं आणि जमिनीवर येऊन थांबलं. दोघं एकाच धुऱ्यावरून विरुद्ध दिशांनी गेले. ज्या बाईंनी वावर खोडून शेत लिहिलं त्यांनी या दोन प्रवासांतला एक खोडून दुसरा लिहिला, बाकी काही नाही.

आणखी एक भावंड आहे, ‘वापर’. तोही व्यापाराचाच, फक्त त्यात ‘प’ तसाच राहिला. वावर, वापर, व्यापार हे तिघं एका घरचे. कापूस विकायला गेलं की काट्याशी उभा असतो तो व्यापारी आणि गाडीत बसून येतो तो वावरवाला, दोघांची नावं एकाच धातूतून निघाली आहेत. हे मी एकदा गाडी उभी करून ओळीत थांबलेल्या एका म्हाताऱ्या बुवांना सांगितलं. ते म्हणाले, ‘मंग त्याले सांगा ना, भाऊबंदकी हाये म्हना, दोन पैसे जास्त दे.’ त्यांना त्यातला धातू पटला होता, एवढं नक्की.

‘धुरा’ शब्द वर सहज आला. आपल्याकडं धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध, आणि पेपरात ‘पक्षाची धुरा’ म्हणजे जबाबदारी. मूळ अर्थ जू. जोडी तास संपवून जिथं जू वळवते ती कड म्हणजे धुरा, असं मला वाटतं. त्यावर पुन्हा केव्हातरी सविस्तर लिहीन, कारण धुऱ्यावरून भांडणं फार होतात आणि शब्दावरून त्याहून जास्त.

तिसरा प्रश्न अर्जाचा. अर्जात गट नंबर लिहायचा असतो, तिथं शेत काय आणि वावर काय, बाबू दोन्ही वाचत नाही. पण ताई, सातबारा हातात आलाच तर नीट पाहा. तो दोन नमुन्यांचा मिळून होतो. गाव नमुना सात, त्यात जमीन कुणाची आणि ‘क्षेत्र’ किती, हेक्टर-आरमध्ये. गाव नमुना बारा, त्यात त्या वर्षी त्या जमिनीत कोणतं पीक घेतलं. २०२१पासून ही पीक पाहणी शेतकरी स्वतः मोबाइलवरही भरतो, वावरात उभं राहून, पिकाचा फोटो काढून. मला तो कागद पाहिला की नेहमी वाटतं, सातमध्ये क्षेत्र आहे आणि बारामध्ये वावर.

मुलीला ती वही घेऊन बाईंकडे परत जायला सांगा. भांडायला नको, ‘कवाड’ आणि ‘वाखाणणे’ एवढे दोन शब्द सोबत घेऊन जाऊ द्या. आणि पऱ्हाटीचंही विचारू द्या.