४३ चुका मोजल्यात, पण पालखेड चुकलं

सिन्नरच्या ज्या दादांनी विचारलंय की 'बाजीराव मस्तानी' चित्रपटावरचं त्यांचं परीक्षण दिवाळी अंकाच्या संपादकांनी "ही चुकांची यादी झाली, समीक्षा कुठंय?" असं म्हणून परत का पाठवलं, त्यांच्यासाठी हे उत्तर. तुमचा ४३ मुद्द्यांचा मसुदा पूर्ण वाचला. सातव्या मुद्द्याला थांबले. "पालखेडची लढाई आपल्या निफाड तालुक्यात झाली, हे पुण्या-मुंबईच्या लोकांना कुठून कळणार!" दादा, अगदी हेच वाक्य थोड्या फरकाने माझ्या नावावर छापलं गेलेलं आहे. त्यानंतर लेखातल्या बाकीच्या बरोबर मुद्द्यांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

आधीच सांगते, मी इतिहाससंशोधक नाही. अशा चित्रपटांवर बरीच वर्षं लिहिते, इतकंच. कपडे, दागिने, नऊवारीचा काष्टा, गाण्यांतले हातवारे यांवर इथे बोलत नाही. त्यावर २०१५ सालीच सगळ्यांचं लिहून झालंय.

पालखेड नावाची गावं बरीच आहेत. निफाडात पालखेड मिरचीचे आहे, दिंडोरीत कादवा नदीवरचं पालखेड धरण आहे, म्हणून नाशिककराचा हात आपोआप तिकडे जातो. लढाईचं पालखेड वैजापूर तालुक्यातलं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं. नकाशा समोर ठेवला असता तर चूक झालीच नसती. निजामाचं ठाणं औरंगाबादला, तो पुण्याकडून माघारी धावत होता ते आपलं ठाणं वाचवायला, मग तो कादव्याच्या काठी कशाला येईल? लढाईबद्दल एक वाक्य जरी लिहायचं असलं तरी दोन्ही सैन्यं कुठून निघाली आणि कुठे चालली होती याची रेघ आधी कागदावर ओढा. गावाचं नाव त्या रेघेवर बसतंय का ते बघा.

तुमच्या समीक्षेचा खरा मुद्दाही याच पालखेडात पडलाय आणि तुम्ही तो ओलांडून पुढे गेलात. १७२७ च्या पावसाळ्यानंतर निजाम आणि बाजीराव समोरासमोर आले. कोल्हापूरच्या संभाजीराजांना हाताशी धरून निजाम थेट पुण्यात घुसला. घर शत्रूच्या हाती गेलेलं असताना बाजीरावांनी घोडा पुण्याकडे वळवला नाही. जालना, खानदेश, बुऱ्हाणपूरची हूल, गुजरात असं ते फिरत राहिले आणि निजामाचाच मुलूख धोक्यात आणला. शेवटी निजामाला पुणं सोडून उलटं पळावं लागलं. वेगाने जायचं म्हणून त्याने जड तोफखाना मागे ठेवला, आणि तोफा नसलेला निजाम पालखेडला पाण्यापासून तोडला गेला. फेब्रुवारी १७२८ अखेर कोंडी पूर्ण झाली, ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. मोठी हातघाईची लढाई अशी झालीच नाही. दाणा-वैरण आणि पाणी तोडलं, काम झालं.

आता चित्रपटाचा शेवट आठवा. मस्तानी कैदेत पडल्याची बातमी येते, नायक संतापतो आणि निजामाचा मुलगा नासिरजंग याच्या फौजेवर एकटा तुटून पडतो. जिंकतो, पण त्या जखमांनीच मरतो. इतिहासात नासिरजंगाचा पराभव १७४० च्या सुरुवातीलाच झाला होता. मुंगी-पैठणला तह झाला, हंडिया आणि खरगोण हे मुलूख मिळाले, त्यांची व्यवस्था लावायला बाजीराव नर्मदेकडे गेले आणि रावेरखेडीला तापाने गेले.

"मरणाचं कारण बदललं" एवढीच नोंद केली तर तो तुमचा चव्वेचाळिसावा मुद्दा होईल. त्याने काय बिघडलं ते लिहा. पुणं गेलं तरी ज्याने रागाच्या भरात घोडा वळवला नाही, त्याच माणसाचं युद्ध इथे रागाचं झालंय. मोहीम म्हणजे प्रेमभंगाची वाफ बाहेर काढायची जागा. प्रेमाने हा थंड डोक्याचा सेनापती बदलला असं दिग्दर्शकाला म्हणायचं असेल तर तो त्याचा हक्क आहे, माझी ना नाही. पण मग आधी तो थंडपणा पडद्यावर दिसायला हवा होता. पालखेडसारखी एखादी मोहीम, ज्यात नायक लढाई टाळून जिंकतो, दहा मिनिटं जरी दाखवली असती तर शेवटचा एकट्याचा हल्ला काळजाला लागला असता. हे माझं मत, तुमचं वेगळं असू शकतं. मात्र परीक्षण अशा एका मतावर उभं राहतं. ४३ मुद्द्यांवर उभं राहत नाही.

यादी फेकू नका, तिची छाननी करा. वहीत तीन रकाने पाडा: काटछाट, सजावट, उलथापालथ. दोन वर्षांच्या घटना एका दिवसात आणल्या, चार सरदारांचा एक केला, ही काटछाट. ती प्रत्येक चित्रपटात होते, तिच्यावर शाई घालवू नका. महाल, दिवे, झुंबरं ही सजावट. त्यावर जास्तीत जास्त एक परिच्छेद. आणि तिथेही जपून: तुमच्या बाविसाव्या मुद्द्यात "पेशव्यांकडे आरसे कुठले?" असं आहे. शनिवारवाड्यात आरसेमहाल होता. तुमचा आक्षेप त्याच्या आकाराला आणि काळाला असू शकतो, कारण वाड्याची वास्तुशांतच जानेवारी १७३२ ची. आरसा असण्याला आक्षेप घ्याल तर फसाल. माणसाचा स्वभाव किंवा घटनेचं कारणच ज्याने फिरतं ती उलथापालथ. तुमच्या ४३ पैकी त्या रकान्यात मोजून चार येतात. त्यातले तीन घ्या आणि लेख त्यांच्यावर लिहा.

दिग्दर्शकाला बोल लावण्याआधी आणखी एक पायरी आहे. हा चित्रपट ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' कादंबरीवर बेतलेला आहे. म्हणून तुलना तीन ठिकाणी करावी लागते: कागदपत्रं, कादंबरी, पडदा. कादंबरीकाराने कल्पनेने भरलेली जागा दिग्दर्शकाच्या माथी मारली की जाणकार वाचक तिथेच पान मिटतो. तुमचे निदान सहा मुद्दे असे आहेत.

तारखांचं तर विचारूच नका. तुम्ही लिहिलंय की एका कार्यालयाने पत्राची "नक्की इंग्रजी तारीख" अर्जात भरल्याशिवाय दप्तर दाखवणार नाही असं सांगितलं. मीही तीन हेलपाटे घातले आहेत, नाव घेत नाही. पत्रावर तिथी आणि शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली अरबी नावांची वर्षगणना), अर्जावर मात्र दिनांक-महिना-वर्ष असे तीन चौकोन, आणि खिडकीतल्या माणसाला "वद्य" म्हणजे काय ते सांगत बसायचं. वाद घालू नका, घरूनच तारीख काढून न्या. शकात ७८ मिळवायचे, पण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंत ७९. पालखेड शके १६४९ च्या फाल्गुनाच्या आगेमागे, म्हणून १७२८. ७८ मिळवलेत तर १७२७ येईल आणि सगळी मोहीम वर्षभर मागे सरकेल. शुहूर सन मृगाला बदलतो. त्यात डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून ६०० मिळवा. पत्रात "समान अशरीन मया व अलफ" असेल तर ते आठ, वीस, शंभर, हजार, म्हणजे ११२८. फेब्रुवारीतलं पत्र असेल तर १७२८ बरोबर जुळतं.

याच्याही पुढचा खड्डा म्हणजे जुनी-नवी पद्धत. बाजीरावांचा मृत्यू वैशाख शुद्ध त्रयोदशी, शके १६६२. आपल्या पुस्तकांत २८ एप्रिल १७४० छापतात, ती ज्युलियन पद्धतीची तारीख आहे. आजच्या, म्हणजे ग्रेगोरियन पद्धतीने तो दिवस ९ मे, कारण अठराव्या शतकात दोन्हींत ११ दिवसांचं अंतर आहे. मोबाइलवरच्या पंचांगात २८ एप्रिल घालून "तिथी चुकीची आहे" असं तुम्ही अडतिसाव्या मुद्द्यात म्हटलंय. तिथी बरोबर आहे, तारीख कुठल्या पद्धतीची ते पाहायचं राहिलं. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी पद्धत वापरली, पोर्तुगीज १५८२ पासूनच नव्या पद्धतीवर होते. पोर्तुगीजांच्या वसईबद्दल लिहाल तेव्हा हे लक्षात ठेवा, एकाच प्रसंगाच्या दोन तारखा समोर येतील आणि दोन्ही बरोबर असतील.

छापील साधनांपुरतं बोलायचं तर रियासतकार सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड आधी चाळा. मूळ मोडी कागदाची गरज शंभरात एखाद्यालाच लागते. कार्यालयाच्या पायऱ्या झिजवण्याआधी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे सावानात विचारून बघा, १८४० चं वाचनालय आहे आपलं.

राहवत नाही म्हणून विचारते, तुम्ही सिन्नरचे, आणि ४३ मुद्द्यांत सिन्नरजवळच्या डुबेऱ्याचं नाव नाही? बाजीरावांच्या आई राधाबाईंचं माहेर बर्व्यांचं, थोरले बाजीराव १७०० साली तिथेच जन्मले. निफाडला लढाई ओढून आणण्यापेक्षा हा धागा घरचा आणि खरा आहे. गोदाघाटावरची नारोशंकराची घंटाही तशीच, ती वसईच्या विजयानंतर आलेली. बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजीअप्पा यांनी १७३९ मध्ये वसई घेतली. चित्रपटातले अप्पा मुख्यतः घरातल्या भांडणात दिसतात हा आक्षेप तुम्ही घेतलाय, तो या घंटेपासून सुरू केलात तर नाशिकचा वाचक लगेच सोबत येईल.

काशीबाईंचं पायाचं दुखणं आणि काशीबाई-मस्तानीचा एकत्र पिंगा, हा एकतिसावा मुद्दा मात्र काढू नका. तो उलथापालथीच्या रकान्यातला आहे. फक्त "पेशवीण कधी नाचेल का!" हे वाक्य खोडा. त्याऐवजी दोघींमधला ताण त्या नाचात कुठे विरघळतो ते मिनिट-सेकंदासह लिहा. त्यासाठी ओटीटीवर तो भाग पुन्हा बघावा लागेल, आवाज बंद करून. संगीत नसलं की कोण कुणाकडे बघतंय ते नीट दिसतं.