मोरचूद खारट नाही, मग तो क्षार कसा?

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मोरचूद हा क्षार आहे असं दिलंय. आम्हाला क्षार म्हणजे मीठ, नाहीतर कृष्णाकाठची क्षारपड जमीन. मोरचूद क्षार कसा? मग युरियाही क्षारच का?
– एक वाचक भगिनी, तासगाव

उत्तर : ताई, आधी चव विसरा. मोरचूद विषारी आहे, जिभेला लावायचाच नाही. आम्लातला हायड्रोजन जाऊन त्याच्या जागी धातू बसला की होतो तो क्षार. हायड्रोक्लोरिक आम्लात सोडियम बसला की मीठ, सल्फ्युरिक आम्लात तांबं बसलं की मोरचूद.

आमच्या बागेत वडील फवारणीसाठी 1 टक्क्याचा बोर्डो, म्हणजे बुरशीनाशक मिश्रण, करायचे : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. मारायच्या आधी घासून लख्ख केलेला विळा पिंपात बुडवून धरायचे. पात्यावर तांबूस लाली चढली की म्हणायचे, "चुना कमी पडला, अजून घाल." ती लाली म्हणजे खरंखुरं तांबं. मोरचूद विरघळला की तांब्याचे धन आयन आणि सल्फेटचे ऋण आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सुटे होतात. विळ्याचं लोखंड पाण्यात उतरतं, तांबं पात्यावर बसतं, आणि सल्फेटला लोखंडाची जोड मिळते. तो झाला हिराकस, म्हणजे पुन्हा क्षारच! चुना पुरेसा असेल तर विरघळलेलं तांबं उरत नाही, विळा कोरा निघतो. वर्गात क्षार शिकवताना मी समीकरण लिहायच्या आधी पिशवीतून विळा काढायचो. मुलीला हे एकदा बांधावर दाखवाच.

युरिया क्षार नाही. त्यात आयन नसतात. विरघळला तरी त्याचा रेणू अख्खाच राहतो. अमोनियम सल्फेट मात्र क्षार आहे. त्यात धातूची जागा अमोनियम आयन घेतो.

आणि क्षारपडीचं म्हणाल, तर चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेल्या जमिनीला आपण जिप्सम घालतो, ते कॅल्शियम सल्फेट, म्हणजे क्षारच. त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमला हुसकावतं आणि त्याची जागा घेतं. सुटलेला सोडियम पाण्याबरोबर वाहून जायला हवा. म्हणून जिप्समची पोती उतरवण्याआधी निचऱ्याचे चर काढून घ्या. नाहीतर तो सोडियम तिथेच मुरतो.