आले ऊबदार, सुंठ उष्ण, साल मात्र थंडसर

आपण विचारले आहे की चिनी औषधसूचीत आले 'ऊबदार' आणि सुंठ 'उष्ण' अशी नोंद का असते, वनस्पती एकच असताना गुण दोन कसे, आणि हे आपल्या आयुर्वेदातले उष्ण-शीतच आहे का. मुख्य मुद्दा आधी सांगतो. त्या पद्धतीत वर्गवारी वनस्पतीची होत नाही. वापरासाठी तयार केलेल्या द्रव्याची होते, आणि तीही ते द्रव्य शरीरात काय घडवते असे मानले जाते त्यावरून.

शीत, थंडसर, ऊबदार आणि उष्ण या चार प्रकृती, आणि मध्ये 'सम'. ज्येष्ठमध सहसा तिथे बसतो. याचा हाताला लागणाऱ्या उष्णतेशी संबंध नाही. ज्याने ताप, दाह, तहान शमते ते शीत, आणि ज्याने हुडहुडी, पोटातला गारठा जातो ते उष्ण. जोडीला पाच चवी येतात: तिखट चव घाम आणून बाहेर काढते, गोड पोसते, आंबट आवळून धरते, कडू निचरा करते आणि खारट साचून घट्ट झालेले मऊ करते. तुरट चव बहुधा आंबटाच्याच पदरी घातली जाते. आपल्याकडे मात्र ती सहावा स्वतंत्र रस आहे. (तुलना करताना एक घोटाळा हमखास होतो: संस्कृत ग्रंथांतला 'कटु' म्हणजे आपला तिखट आणि 'तिक्त' म्हणजे आपला कडू.) याखेरीज द्रव्य कोणत्या अवयवाच्या मार्गात काम करते हेही नोंदवतात, या विचाराला बाराव्या शतकात जांग युआनसू या वैद्याने विशेष महत्त्व दिले.

आता आले. ओले आले तिखट आणि किंचित ऊबदार. ते फुप्फुस, प्लीहा व जठर यांकडे जाते, म्हणून सर्दीच्या सुरुवातीला आणि मळमळीवर देतात. तेच वाळवले की घाम आणण्याचा गुण मागे पडतो आणि आतला गारठा घालवणारे 'उष्ण' द्रव्य तयार होते. नुसती साल काढून वाळवली, तर ती थंडसर ठरते आणि सूज उतरवण्यासाठी, लघवी साफ होण्यासाठी वापरतात. एका कंदाच्या अशा तीन नोंदी झाल्या. आपल्याकडेही आर्द्रक आणि शुंठी वेगळी धरतात, परंतु वीर्याबरोबर (द्रव्याच्या उष्ण-शीत शक्तीबरोबर) विपाक, म्हणजे पचनानंतरचा परिणाम, हा जो आयुर्वेदाचा स्वतंत्र टप्पा आहे त्याला चिनी चौकटीत थेट जोड नाही. त्यामुळे दोन्हींतले 'उष्ण' एकच समजू नये.

'शन्नोंग बन्त्साओ जिंग' या प्राचीन ग्रंथातील 365 द्रव्यांच्या तीन प्रतींबद्दलही, म्हणजे दर्जांबद्दलही, आपण लिहिले आहे. ती विभागणी वेगळ्या निकषावर आहे: दीर्घकाळ घेता येणारी 120 वरच्या प्रतीत, 120 मधल्या, आणि रोगावर तीव्र मारा करणारी, बहुधा विषारी, 125 खालच्या. बचनागाच्या कुळातले फूत्झ खालच्या प्रतीचे असूनही संस्कार करून आजही वापरात आहे. कनिष्ठ प्रत म्हणजे टाकाऊ औषध असे तिथे कोणी मानत नाही.

परिणामावरून प्रकृती ठरवण्याचा नियम परक्या वनस्पतीलाही लागू झाला. अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेतून जिनसेंग हे औषधी मूळ चीनमध्ये येऊ लागले, तेव्हा दिसायला ते स्थानिक जिनसेंगासारखेच होते. तरी स्थानिक मूळ ऊबदार आणि अमेरिकी मूळ थंडसर अशी त्यांची नोंद झाली आणि ती अजून कायम आहे.