बाबा ६३ वर्षांचे आहेत, होम लोन मिळेल का? त्यासाठी घर भावाच्या नावे करावं का?

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथं घाई झाली तर मागं फिरणं फार अवघड असतं. घरावर मजला चढवायला १० लाख हवेत, वय बसत नाही म्हणून बँकेने बाबांना परत पाठवलं, आणि आता भाऊ म्हणतोय की घर माझ्या नावे बक्षीसपत्र करून द्या, कर्ज मी काढतो. तसं करू नका. बाबांना घर भावाला द्यायचंच असेल तर तो वेगळा विषय, सगळ्यांनी शांतपणे बसून ठरवायचा. पण निव्वळ कर्ज मिळावं म्हणून बक्षीसपत्र करायची काहीच गरज नाही.

मी बेळगावातच बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो आहे, म्हणून हे ठामपणे सांगतो. भावाचा पगार कर्जात धरायचा असेल तर त्याला सहकर्जदार करतात. घराचे जितके मालक असतील त्या सगळ्यांना बँक कर्जात घेते. पण कर्जात आलेला प्रत्येक जण मालक असलाच पाहिजे, असं नाही. घर बाबांच्या नावे, कर्ज बाबा आणि भाऊ दोघांच्या नावे, हे नेहमी होतं. पुष्कळ बँका मग मुदत ठरवताना कमावत्या मुलाचं वय धरतात. भावाचा यात एक तोटा आहे: मालकी नसेल तर व्याजाची आणि मुद्दलाची आयकर सवलत त्याला घेता येत नाही. त्याचा आग्रह त्यासाठी असेल तर तसं उघड बोलून घ्या. नव्या करप्रणालीत असेल तर राहत्या घराच्या कर्जावर ती सवलत तशीही नाही.

बक्षीसपत्राचा मोह का होतो तेही समजतं. कर्नाटकात घरच्या घरी बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं, सब रजिस्ट्रारकडे एका दिवसात काम उरकतं. पण नोंदणी झाली की मन बदललं म्हणून ते रद्द होत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ आधाराला आहे: सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळ केला नाही, तर एसी ऑफिसकडे, म्हणजे असिस्टंट कमिशनरच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. मात्र ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली नसेल तर सिद्ध करता करता म्हाताऱ्या माणसाचा जीव जातो. तुमचा भाऊ तसा नसेल, मी त्याच्याबद्दल वाईट बोलत नाही. उद्या त्याच्या धंद्याचं, त्याच्या दुसऱ्या कर्जाचं काही बिनसलं तरी जप्ती येते ती त्याच्या नावावरच्या घरावर, आणि त्या घरात तुमचे आईबाबा राहत असतात.

आता पहिला प्रश्न. ६३ व्या वर्षी कर्ज देऊ नये असा कायदा नाही. रिझर्व्ह बँकेने कर्जदाराच्या वयाची कमाल मर्यादा घालून दिलेली नाही. ती प्रत्येक बँक स्वतः ठरवते. आणि ती अर्जाच्या दिवशीच्या वयाला नसते, शेवटचा हप्ता फिटेल त्या दिवशीच्या वयाला असते. बहुतेक ठिकाणी ही रेषा ७० ते ७५ वर आहे. म्हणजे बाबांना 'नाही' असं उत्तर नसून 'सात ते बारा वर्षांत फेडा' असं उत्तर आहे. काउंटरवरचा माणूस हे नीट सांगत नाही, 'वय झालंय' म्हणून मोकळा होतो, आणि चाळीस वर्षं मुलांना शिकवलेला माणूस मान खाली घालून घरी येतो. याचा मला मनापासून राग आहे.

१० लाखांवर ८.५ टक्के व्याज धरून हिशेब मांडतो. ७० व्या वर्षापर्यंत, म्हणजे ७ वर्षांत फेडायचं तर हप्ता सुमारे १५,८३६ रुपये. ७५ पर्यंत मुदत मिळाली तर १२ वर्षांचा हप्ता ११,१०१. भावाला सहकर्जदार करून २० वर्षं घेतली तर ८,६७८. शेवटचा आकडा बघून हुरळू नका: २० वर्षांत व्याजच जवळपास १० लाख ८३ हजार जातं, ७ वर्षांत ते ३ लाख ३० हजार असतं. तरी बदलत्या व्याजदराचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर वैयक्तिक गृहकर्जावर बँकेला दंड घेता येत नाही, हे २०१२ पासून आहे. म्हणून मुदत थोडी लांब घ्यावी आणि हातात पैसा येईल तसा जास्त भरत जावा, असं माझं मत.

तुम्ही बाबांचं निवृत्तिवेतन ३६ हजार लिहिलंय. त्यावर १५,८०० चा हप्ता बँकेच्या हिशेबात बसेल. पण मी बँकेच्या जागी नाही, तुमच्या आईच्या जागी बसून विचार करतो. बाबांच्या पश्चात आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल. सुरुवातीची काही वर्षं ते जास्त असतं, नंतर अखेरच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के आणि त्यावर महागाई भत्ता, म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण २१-२२ हजार. त्यातून १५,८०० गेले तर आईने खायचं काय आणि औषधं कशातून आणायची? ११ हजारांचा हप्ता तिला कसाबसा झेपेल. तेव्हा मुदत ठरवताना बाबांच्या पेन्शनकडे नको, आईच्या वाट्याला येणाऱ्या पेन्शनकडे बघा. आणि त्या हिशेबात ७५ ची मर्यादा असलेली बँक शोधणं किंवा भावाला सहकर्जदार करणं, दोन्हीतलं एक लागणारच.

बाबा चंदगड तालुक्यातल्या शाळेतून निवृत्त झालेत, म्हणजे पेन्शन महाराष्ट्राच्या कोषागारातून येते आणि घर मात्र कर्नाटकात. आपल्या सीमाभागात हे घरोघरी आहे. पेन्शन ज्या बँकेत जमा होते, त्याच बँकेच्या बेळगावातल्या शाखेत अर्ज करा. पेन्शन कापून घेण्याची सोय असली की बँक निर्धास्त असते, आणि तारणाचे कागद तपासणारा वकील व मूल्यांकन करणारा इथलाच लागतो. पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, प्रत जवळ ठेवा. बाबा २००५ च्या आधी नोकरीला लागलेले, जुन्या पेन्शनचे, ही जमेची बाजू आहे: एलआयसी हाऊसिंग फायनान्सने अशा ठरीव पेन्शनवाल्यांसाठीच २०२० मध्ये 'गृह वरिष्ठ' आणली, तिची मुदत वयाच्या ८० पर्यंत जाते. ताज्या अटी शाखेत विचारून घ्या.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून किंवा शहापूर-वडगावच्या मागावरून निवृत्त झालेल्यांची गोष्ट वेगळी आणि खडतर आहे. पीएफच्या पेन्शनची किमान रक्कम महिना १,००० रुपये आहे, त्यावर कर्ज कोण देणार? उलट मराठा लाइट इन्फंट्रीतून चाळिशीत निवृत्त झालेल्या जवानाला वयाची अडचण येतच नाही. पेन्शन नसलेल्या जोडप्याने रिव्हर्स मॉर्गेजचा विचार करावा: ६० च्या पुढे, स्वकष्टार्जित राहत्या घरावर बँकच दरमहा पैसे देते, हयातीत घर सोडावं लागत नाही. तुम्हाला मजला बांधायचा आहे, त्यासाठी ते सोयीचं नाही.

सोसायटीतून, म्हणजे पतसंस्थेतून, लगेच मिळेल असं कुणी सांगेल. मिळेलही. १३ टक्क्यांनी ५ वर्षांत १० लाखांचा हप्ता २२,७५३ होतो, वर दोन जामीनदार. बाबांच्या वर्गमित्राला त्या सहीत अडकवू नका.

आता करायचं काय. बँकेला लेखी अर्ज द्या आणि नकार आला तर कारण लेखी मागा. कुठल्याही रकमेच्या कर्जाचा नकार असो, मुख्य कारण लेखी कळवायचं असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. बँकेकडे लेखी तक्रार करूनही ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार होते. लोकपाल कर्ज मंजूर करून देणार नाही, तो निर्णय बँकेचाच. पण कारण कागदावर आलं की पुढची वाट दिसते. कारण पुष्कळदा वय हे सांगायला सोपं असतं आणि खरी अडचण कागदात असते. पंचायत हद्दीत घर आहे म्हणता, तर ई-स्वत्तूचा फॉर्म ९, म्हणजे पंचायतीचा मालमत्ता उतारा, बाबांच्याच नावे आहे का ते आधी बघा. आजोबांच्या नावावरून वाटणी होऊन नाव चढलं आहे का? जागा एनए (बिगरशेती) आहे की नुसत्या स्टँप पेपरवर घेतलेली? हे कागद कानडीत असतात, कानडी नीट वाचणाऱ्या वकिलाकडून ईसीसकट (घरावर बोजा आहे का ते दाखवणारा दाखला) तपासून घ्या. मजल्याचा पंचायतीचा बांधकाम परवाना आणि इंजिनिअरचं एस्टिमेटही लागेल. फॉर्म ९ वर नाव कुणाचं आहे ते इथं कळवा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.