रशियन सहकाऱ्याचं ‘नाही’ आणि आपलं ‘हो’

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही पुण्यातून काम करता, तीन आठवड्यांपासून टीमचा लीड मॉस्कोचा आहे, कॉलवर तो कधी हसत नाही आणि तुमच्या डिझाइनवर ‘हे चुकीचं आहे, परत करा’ एवढंच लिहून मोकळा होतो. तो आपल्यावर नाराज आहे का, ही तुमची काळजी. शिवाय शनिवारी त्याचा वाढदिवस आहे, तर शुक्रवारच्या कॉलवरच सगळ्यांनी शुभेच्छा द्याव्यात का, हेही विचारलं आहे.

मी औद्योगिक पंपांच्या निर्यातीत बारा वर्षं रशियन ग्राहकांबरोबर काढली आहेत. त्यावरून सांगतो, तो नाराज नाही. तिकडे अनोळखी माणसाकडे बघून हसण्याची पद्धतच नाही. ‘विनाकारण हसणं हे मूर्खपणाचं लक्षण’ अशी त्यांच्याकडे म्हण आहे. हसणं ओळखीच्या माणसासाठी असतं आणि ओळख व्हायला वेळ लागतो. दुसरं कारण भाषेचं. रशियनमध्ये इंग्रजीतले ‘अ’, ‘द’ नाहीत, वर्तमानकाळातलं ‘आहे’ बहुतेक वेळा म्हटलंच जात नाही. तशा भाषेतून थेट इंग्रजीत आलेलं वाक्य हुकूम सोडल्यासारखं वाटतं. लिहिणाऱ्याच्या मनात तसं काही नसतं.

त्याच्या ‘नाही’पेक्षा मला काळजी वाटते ती आपल्या ‘हो’ची.

येकातेरिनबुर्गजवळच्या एका कारखान्यात आमचे पंप बसवायचे होते. तिथल्या मुख्य तंत्रज्ञ म्हणजे पन्नाशीच्या एक बाई. मंगळवारी त्यांनी विचारलं, बेसप्लेटचं सुधारित ड्रॉइंग गुरुवारी मिळेल का? मी म्हणालो, हो, होऊन जाईल. माझ्या मनात त्याचा अर्थ ‘प्रयत्न करतो’ असा होता, कारण पुण्यात ते ड्रॉइंग अजून तपासायचं बाकी होतं. बाईंनी डायरीत तारीख लिहिली, खाली दोनदा रेघ मारली आणि डायरी माझ्याकडे वळवून दाखवली. मी मान हलवली. ड्रॉइंग आलं शनिवारी. तोपर्यंत त्यांनी पायाच्या कामाची माणसं शुक्रवारी बोलावून ठेवली होती आणि ती दिवसभर बसून होती. बाई आवाज चढवून एक शब्द बोलल्या नाहीत. ‘मंगळवारी तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी माणसं सोमवारी बोलावली असती,’ एवढंच म्हणाल्या. त्यानंतर जवळजवळ वर्षभर माझी प्रत्येक तारीख त्या दुभाष्याकडून दोनदा वदवून घेत.

म्हणून ‘बघतो’, ‘करून टाकू’, ‘काही अडचण नाही’ हे शब्द त्याच्याशी बोलताना टाळा. ‘गुरुवारी नाही, सोमवारी संध्याकाळी देतो’ असं सांगा. त्यावर तो चिडणार नाही, तारीख टिपून घेईल. कॉलवर मान डोलावण्याची आपली सवयही आवरा. त्या डोलावण्यातून त्यांना हो की नाही ते कळत नाही. आणि डिझाइनवर ‘परत करा’ आलं तर ‘सॉरी, करतो’ म्हणून गप्प बसू नका. नेमकं काय चुकलं, कोणत्या परिस्थितीत ते कोसळेल, हे विचारा. तुमचं बरोबर असेल तर आकडे समोर ठेवून भांडा. मला भेटलेल्या रशियन इंजिनिअरांपैकी बहुतेकांना असा वाद मनापासून आवडायचा. तासभर कडाक्याचं भांडण झाल्यावर तोच माणूस चहाला घेऊन जायचा. ऐकून घेऊन मागाहून आपलंच खरं करणारा माणूस मात्र त्यांच्या मनातून कायमचा उतरतो.

आकड्यांवरून आठवलं. त्यांच्याकडे दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, म्हणजे अडीच हे 2,5 असं लिहितात. आमच्या पॅकिंग लिस्टवर पेटीचं वजन 1,250 किलो होतं. तिकडच्या गोदामात ते सव्वा किलो असं वाचलं गेलं आणि सुटा भाग समजून त्यांनी क्रेन सांगितलीच नाही. तेव्हापासून मी हजारात स्वल्पविराम घालत नाही.

आता नावाबद्दल. यात मराठी माणसाला फार सोपं जातं, कारण त्यांच्याकडेही मध्ये वडिलांचं नाव असतं. सेर्गेईच्या वडिलांचं नाव निकोलाय असेल तर तो सेर्गेई निकोलायेविच. त्याची बहीण आन्ना असेल तर आन्ना निकोलायेव्ना. फरक इतकाच की लग्नानंतरही बाईंचं मधलं नाव वडिलांचंच राहतं. वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाला आदराने हाक मारायची तर नाव आणि हे पितृनाव अशी जोडी, आडनाव नाही. आयटीत तरुण मंडळी नुसत्या नावाने बोलावतात, तुमचा लीडही तसंच सांगेल. पण ग्राहकाकडचे संचालक किंवा सरकारी माणूस कॉलवर असेल तर पितृनाव आधी विचारून ठेवा. आपल्याकडेही वडिलांचं नाव लावतात हे मी सांगायचो, तेव्हा समोरच्याला खरंच आनंद व्हायचा. कारखान्याच्या प्रवेश-पासवर माझ्याही वडिलांचं नाव पितृनावाच्या रकान्यात व्यवस्थित लिहिलं जायचं. आपल्या तू आणि तुम्हीसारखे त्यांचे ‘ती’ आणि ‘व्ही’. थोडं रशियन शिकणार असाल तर सुरुवात ‘व्ही’ने करा. ‘ती’वर यायचं की नाही हे मोठ्या माणसाने सुचवायचं असतं.

प्रत्यक्ष भेटीचा योग आला तर उंबरठ्यावर हस्तांदोलन करू नका, आत जा किंवा त्याला बाहेर येऊ द्या. हातमोजा काढूनच हात मिळवा. कोट बाहेरच्या खुंट्यांवर काढून ठेवायचा, अंगात ठेवून मीटिंगला बसणं बरं दिसत नाही. घरी बोलावलं तर बूट दाराशीच काढायचे, हे आपल्याला सांगायला नको. फुलं न्यायची तर विषम संख्येत. सम संख्येतली फुलं तिकडे मयताला नेतात. आपण आहेराच्या पाकिटात वरचा एक रुपया घालतो, तसं लक्षात ठेवा. दारू घेत नसाल तर पहिला प्याला भरण्याआधीच कारणासकट सांगा आणि शेवटपर्यंत त्यावर ठाम राहा. रसाचा पेला उचलून टोस्टमध्ये सामील झालात की कुणी काही म्हणत नाही. ‘आज थोडीशी’ म्हणालात तर मात्र सुटका नाही. शाकाहारी असाल तर ‘पोस्त’ हा शब्द उपयोगी पडतो. हा त्यांचा उपवास. उपवासाच्या पदार्थांत मांस, अंडी, दूध नसतं. मासे कधीकधी असतात, तेवढं विचारून घ्या.

कामाचं वेळापत्रक आखताना मॉस्को आपल्या अडीच तास मागे आहे हे धरा. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले साडेबारा. 1 ते 8 जानेवारी सगळं बंद असतं, तेव्हा मेल पाठवून उत्तराची वाट बघू नका. 9 मे हा दुसऱ्या महायुद्धातला विजयदिन. त्या युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे 2 कोटी 66 लाख माणसं गेली, जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी. त्या दिवशी ‘हॅपी हॉलिडे’ छापाचा संदेश नको. शुभेच्छा द्यायच्याच असतील तर विजयदिनाच्या म्हणून नीट दोन ओळी लिहा.

आणि वाढदिवस. शुक्रवारी अजिबात शुभेच्छा देऊ नका. आधी दिलेल्या शुभेच्छा ते अपशकुन मानतात, आणि शिकलेसवरलेले इंजिनिअरही हे पाळताना मी पाहिले आहेत. शनिवारी दोन ओळींचा वैयक्तिक संदेश पाठवा. सगळ्यांनी मिळून जे करायचं ते सोमवारच्या कॉलवर करा. तो मॉस्कोच्या ऑफिसात बसत असेल तर तिथे केकही बहुधा तोच आणेल, कारण वाढदिवस ज्याचा त्यानेच इतरांना खाऊ घालायचं अशी तिकडची रीत आहे.