कॉफीच्या बिया दळायच्या कशात?

प्रश्न : मी घरी दक्षिणी फिल्टर आणि फ्रेंच प्रेस (दट्ट्याने गाळ तळाशी दाबायचे भांडे) अशा दोन्ही प्रकारे कॉफी करतो. बिया मिक्सरमध्ये दळल्या, तर कॉफी कडूही लागते आणि पाणचटही. कमी खर्चात कोणते यंत्र घ्यावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मिक्सरचे पाते बिया दळत नाही, फोडते, त्यामुळे भांड्यात पीठ आणि जाड तुकडे एकत्र राहतात, पिठातला कडवटपणा पाण्यात भराभर उतरतो आणि तुकड्यांतला स्वाद मात्र आतच राहतो. आपल्या जात्यात दोन दगडांमधल्या अंतरावर पिठाचा पोत ठरतो. 'बर' ग्राइंडर याच तत्त्वावर चालतो, म्हणून तोच घ्यावा. मोटरचा खर्च वाचत असल्याने त्याच किमतीत हाताने फिरवायच्या ग्राइंडरमध्ये दळणारे भाग अधिक चांगले मिळतात आणि २० ग्रॅम बियांना दोनएक मिनिटे पुरतात.

खरेदी करताना आतला दळणारा शंकू बोटाने हलवून पाहावा. तो डुगडुगत असेल, तर बारीक दळण जेमतेम जमेल, पण फ्रेंच प्रेससाठी लागणारी भरड कधीच एकसारखी पडणार नाही. स्वस्त यंत्रांचा खरा दोष हाच असतो. शंकूचा आस बेअरिंगवर पक्का बसवलेला असावा, यासाठी थोडे अधिक पैसे जरूर मोजावेत. फिल्टरसाठी बारीक रव्याइतके, तर प्रेससाठी जाड्या रव्यापेक्षा किंचित भरड दळावे. एस्प्रेसोचा विचार तूर्त नसल्यास त्यासाठीचे महाग यंत्र घेऊ नये. पोलादी भाग पाण्याने न धुता कोरड्या ब्रशने झाडावेत.